उंची नंतर, आधी किंगपिन

काका, नमस्कार. मागच्या दिवाळीत आम्ही २००३ ची जिप्सी किंग घेतली. पेट्रोल, एमपीएफआय, सॉफ्ट टॉप, एमएच ३१ पासिंग. आधी दोन मालक झालेत. मीटर १ लाख १८ हजार दाखवतो, तो खरा की खोटा देव जाणे. मिस्टरांचं हे कॉलेजपासूनचं स्वप्न. चालवतो दोघंही, पण ऑफिसला रोज मीच नेते. गाडी ६५-७० ला असताना खड्डा लागला की स्टिअरिंग असं काही थरथरतं की हात सुटायची भीती वाटते. एका गॅरेजवाल्यानं १ लाख ९० हजारांचा अंदाज दिलाय: तीन इंची लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), ३१ इंची मड टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा रहाट), पुढे लोखंडी बंपर आणि छतावर एलईडी बार. आमच्याकडे एकदाच घालायला २ लाख आहेत. डिसेंबरात पाताळकोट, पुढे मेळघाट असा बेत आहे. मुलं ९ आणि ६ वर्षांची, ती मागे बसतात. मिस्टर म्हणतात, लिफ्ट झाली की थरथर जाईल. जाईल का? आणि पैसे आधी कशावर घालायचे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

ताई, नमस्कार.

थरथर लिफ्टनं जाणार नाही. वाढेल. हे मिस्टरांना चिडवायला म्हणत नाही; पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या जागी मीच होतो, फक्त गाडी महिंद्राची एमएम ५४० होती.

आधी थरथरीचं बघू, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. जिप्सीला पुढेमागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत आणि पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं धरणारा दांडा, सलग आहे. आजकालच्या गाड्यांसारखं प्रत्येक पुढचं चाक आपापलं मोकळं नाही. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना वाटीसारखे दोन गोळे असतात आणि चाक वळतं ते या गोळ्यांच्या वरखाली बसवलेल्या किंगपिनांवर. किंगपिनला छोटं बेअरिंग असतं. त्याच्यावर किती दाब राहावा हे पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालून ठरवतात. वीस वर्षांत बेअरिंग झिजतं, दाब निघून जातो. मग एका चाकाला खड्डा लागला की ते डुगडुगतं, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडमधून तो हिसका दुसऱ्या चाकाला मिळतो, दुसरं तो पहिल्याला परत करतं, आणि वेग उतरेपर्यंत ही देवाणघेवाण थांबत नाही. तुम्ही लिहिलंय तसंच. खड्डा न लागता ठरावीक वेगाला हलकी थरथर सुरू झाली असती तर मी आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा म्हणालो असतो.

आता लिफ्ट. स्वस्तातली लिफ्ट म्हणजे बहुतेक वेळा लांब शॅकल, म्हणजे पाटा चासीला टांगणारी कडी. पुढे लांब शॅकल टाकलं की अ‍ॅक्सल नाक खाली घालतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कल कमी होतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. वळण झाल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं ते त्याच्यामुळे. आधीच झिजलेली किंगपिन, वर कमी केलेला कॅस्टर, वर ३१ इंची जडशीळ टायर! ही गाडी अमरावती रोडवर तुम्ही ऑफिसला नेणार? मला तर कल्पनाही करवत नाही.

ही तपासणी घरच्या अंगणात अर्ध्या तासात होते, मिस्टरांनाच करू द्या. सपाट फरशीवर गाडी लावा, मागच्या चाकांना पुढूनमागून विटा लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि अ‍ॅक्सलखाली घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा पक्का स्टँड, द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी हातसुद्धा घालायचा नाही. आता टायर वरून आणि खालून, घड्याळाच्या बारा आणि सहावर, धरून आतबाहेर हलवा. कट्कट् लागते? मग तुम्ही आत बसून ब्रेक दाबून धरा आणि त्यांना परत हलवू द्या. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन. मग टायर तीन आणि नऊवर धरून हलवा. तिथे लागलं तर टाय रॉड एंडकडे बघा, रबर फाटून आतलं ग्रीस वाळलेलं असेल. शेवटी पाट्यांच्या टोकांतली रबरं, म्हणजे बुश. पहार अडकवून हलकं दाबलं की पाटा शॅकलमध्ये सरकताना दिसतो. इतकं करून गॅरेजला गेलात की मिस्त्री तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी. कोणी म्हणेल, ‘स्टिअरिंग डॅम्पर नवा टाकू, थरथर बंद.’ बंद होईलही काही महिने. पण डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारा दट्ट्या) कारण दाबून ठेवतो, घालवत नाही. आधी बेअरिंग आणि शिम, मग टाय रॉड एंड, बुश, बॅलन्सिंग. त्यानंतर डॅम्पर खरंच गेलेला असेल तर तो. किंगपिन उघडलीच आहे तर गोळ्याभोवतीचं सील आणि आतलं ग्रीसही बदलून घ्या. त्या गोळ्यात सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा, असतो. सील फाटलं की तिथे धूळ आणि पाणी शिरतं, आणि ग्रीसची घोटलेल्या चिखलासारखी राखाडी पेस्ट होते. ती पेस्ट जॉइंट खाते.

आता पैशांचं. माझं मत असं की २ लाखांतला पहिला लाख-सव्वा लाख गाडी मूळपदावर आणण्यात घालावा, आणि उरलेल्याला एक पूर्ण मोसम गाडी चालवल्याशिवाय हात लावू नये. मिस्टरांना हे रुचणार नाही, कारण या पैशांतलं काहीच फोटोत दिसत नाही. किंगपिनचे शिम कोणाला दाखवणार?

मी ५४० घेतली तेव्हा आधी टायर घेतले. रुंद, दातेरी, झकास. त्याच पावसाळ्यात उमरेडच्या पुढे एका नाल्यात गाडी घातली. पाणी हबच्या जरा वर होतं, गाडी आरामात निघाली, मी टाळ्या घेतल्या. दोन महिन्यांनी मागून बारीक कुंई ऐकू यायला लागली. डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचा) बोल्ट उघडला तर आतून दुधाचा चहा आला. झालं काय होतं? चाळीस किलोमीटर पळून अ‍ॅक्सल तापला होता. तापलेला लोखंडी डबा थंड पाण्यात गेला, आतली हवा आक्रसली, आणि ब्रीदरचं (डब्यातली हवा आतबाहेर जायच्या भोकाचं) टोपण चिखलानं बुजलेलं असल्यानं त्या हवेनं झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं. बेअरिंगं गेली, दातेही खरवडले. टायर मात्र शाबूत होते.

म्हणून तुमच्या गाडीचं पहिलं काम: दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि गिअरबॉक्स, चारही ठिकाणचं ऑइल काढायला लावा आणि ते काढताना स्वतः उभ्या राहा. काळं आलं तर जुनं आहे, चहासारखं आलं तर पाणी गेलंय, चकाकणारी कणी दिसली तर काहीतरी झिजतंय. आणि हो, भरायचा बोल्ट आधी उघडायला सांगा. तो गंजून बसला असेल आणि तोवर खालचं ऑइल काढून झालं असेल, तर गाडी तिथेच राहते. डिफरन्शियलला जीएल-५ प्रतीचं ऑइल, गिअरबॉक्सला जीएल-४. दोन्हीकडे एकच डबा ओतू नका. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधायची. शंभर-दोनशे रुपयांची नळी. अख्ख्या बेतात याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नाही.

ब्रेकबद्दल वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. मागच्या अ‍ॅक्सलचं सील गळलं की ऑइल ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक शू भिजतात. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर काळा थर दिसला तर तेच. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. रबरी ब्रेक होज २००३ चेच असतील तर विचार न करता सगळे बदला. टायमिंग बेल्टचंही तेच: कधी बदलला हे सांगणारं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला.

नागपूरच्या उन्हाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी विचारतो: गाडीत थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) आहे का? आपल्याकडे मे महिन्यात गाडी तापली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. ‘आपल्याकडे त्याचं कामच नाही बाप्पा.’ तापणं तात्पुरतं कमी होतं, पण मग इंजिन थंडीत गरमच होत नाही, एमपीएफआयच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. खरा दोष असतो रेडिएटरमध्ये. आपल्या बोअरच्या पाण्यानं त्यात साका धरलेला असतो. रेडिएटर उतरवून साफ करा, जमलं नाही तर नवा घ्या, थर्मोस्टॅट परत बसवा, आणि कूलंट शुद्ध पाण्यातच मिसळा. टेम्परेचरचा काटा रोजच्या जागेवरून हलला की थांबायचं. ‘पुढच्या चौकापर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्यांच्या हेड गॅस्केट मी मोजल्या आहेत.

पेट्रोलचंही एक आहे. २०२५ पासून पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि २००३ च्या गाडीचे रबरी पाइप आणि गॅस्केट त्याचा विचार करून बनलेले नाहीत. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे घ्या. जुना पाइप दुमडून बघा. बारीक भेगा दिसल्या की कळेल मी का सांगतोय ते. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवाच टाकीला गंज धरवते. पेट्रोल फिल्टर आत्ता एकदा आणि सहा महिन्यांनी परत बदला.

गंज बघायला टोच्या घेऊन बसा: पायाखालची पत्र्याची जमीन, चाकांच्या कमानींच्या मागचा कोपरा, आणि बॉडी चासीवर जिथे रबरांवर बसते त्या जागा. टोच्या आत गेला तर आधी वेल्डिंग. नागपूरची गाडी या बाबतीत नशीबवान. कोकणातून आलेली जिप्सी वरून नवरीसारखी आणि खालून चाळणी असते.

आता ज्याचा उल्लेख तुमच्या पत्रात एका ओळीत आहे आणि ज्यानं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं: मुलं मागे बसतात. सॉफ्ट टॉप जिप्सीची मागची आसनं आडवी, समोरासमोर असतात, बहुतेक वेळा पट्ट्यांशिवाय. वर कापडी छप्पर. गाडी हळू चालवतो म्हणून चालतं, असं तुम्ही म्हणाल. पण पाताळकोटच्या रस्त्यावर काय होईल, ते समोरून येणाऱ्या गाडीच्याही हातात असतं. गॅरेजच्या अंदाजातला विंच आणि एलईडी बार खोडा आणि त्या पैशांत मागे समोर तोंड करून बसायचं आसन आणि तीन ठिकाणी अडकणारे पट्टे बसवा. चांगल्या फॅब्रिकेटरकडून आतला रोल केजही, म्हणजे गाडी उलटली तर छताला धरणारा पाइपांचा सांगाडा. पट्टा पत्र्याला नाही, मजबुतीची पट्टी लावून चासीशी नातं असलेल्या जागेला अडकला पाहिजे. आसनांची संख्या बदलणार असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून आरसीवर नोंद करून घ्या. हे झाल्याशिवाय मुलांना घेऊन घाटात जाऊ नका. बाकीच्या मुद्द्यांवर मी मिस्टरांशी वाद घालेन, यावर घालणार नाही.

आरटीओचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. गाडी २००३ ची, म्हणजे १५ वर्षं २०१८ ला संपली, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे पुढची तारीख २०२८ च्या आसपास असायला हवी. आरसी उघडून आजच बघा, आणि आधीच्या मालकानं पर्यावरण कर भरला होता का तेही. नवी सुरक्षा नंबर प्लेट लागलेली नसेल तर लावून घ्या. लोखंडी बंपरचं म्हणाल तर बुल बार आणि क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. गाडीच्या मूळ तपशिलात मनानं बदल करता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन गाडीची उंची मोजतो. तेव्हा ‘सगळेच करतात’ हे उत्तर चालत नाही.

टायरांचा हिशेब मात्र मजेचा आहे, त्यावर थोडं थांबतो. तुमचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, म्हणजे सव्वीस इंचांच्या थोडा वर. ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटरचा. व्यास जवळपास १८ टक्क्यांनी वाढला. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ७० ला असाल, आणि प्रत्येक गिअर तितकाच लांब होईल. १२९८ सीसीचं इंजिन आहे ते. त्याला हा भार ओढवत नाही असं नाही, पण चढावर पहिल्या गिअरमध्येही क्लच जाळत बसाल. ब्रेकलाही तितकंच जड चाक थांबवावं लागतं. आणि मिळवलं काय? अ‍ॅक्सलखाली साठेक मिलिमीटर उंची. त्याऐवजी बोलेरोला येतो तो २१५/७५ आर १५ घ्या, ऑल टेरेन नक्षीचा. मूळ रिमवर बसतो, व्यास ५ टक्क्यांनीच वाढतो, लिफ्ट लागत नाही, आणि पंक्चर झालं तर चिखलदऱ्याच्या पायथ्याशीही तसा टायर मिळायची आशा असते. दुकानात टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. तीन वर्षं गोदामात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. तुमचे सध्याचे टायर सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, नागपूरच्या उन्हानं ते रबर कधीच लाकूड झालंय.

मड टायर का नाही? आपल्या काळ्या मातीमुळे. पावसाळ्यात ती पहिल्या दहा फुटांत कोणत्याही नक्षीत भरते आणि मग चार गुळगुळीत गोळे फिरत राहतात. भिजल्या काळ्या मातीत शेतकरी बैलजोडी घालत नाही, तिथे तुम्ही गाडी घालू नये. एवढं पाळलं की विदर्भात मड टायरची गरज वर्षातून दोनदा पडते.

विंचचं उत्तरही तिथेच आहे. आपल्या भागातला सगळ्यात भरवशाचा विंच म्हणजे जवळच्या गावचा ट्रॅक्टर, आणि तो मोफत नसला तरी विंचपेक्षा स्वस्त पडतो. तुम्ही फक्त त्याला पकडायला जागा द्या: पुढेमागे चासीला बोल्टनं पक्के केलेले हुक. बंपरला, पाट्याला किंवा ट्रॉलीच्या गोळ्याला दोर बांधायचा नाही. चांगला नायलॉनचा पट्टा, तो अडकवायच्या दोन लोखंडी कड्या, एक फावडं, हवा भरायचा छोटा कंप्रेसर. ओढताना दोरावर ओलं पोतं टाका आणि मुलांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. सुटलेला हुक बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

चार चाकं खरंच फिरतात का, हे मात्र पाताळकोटला कळू नये. शहरात चाललेल्या जुन्या जिप्सींमधून अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवलेला मी दोनदा पाहिलाय. मालकाला पत्ताच नव्हता. मघाच्या जॅकवरच बघून घ्या. पुढचं एक चाक उचललेलं, इंजिन बंद, गिअर टाकलेला, पुढच्या हबवर फ्री-व्हीलिंगची (चाक अ‍ॅक्सलपासून सोडवायची) चावी असेल तर ती लॉकवर. ट्रान्सफरचा दांडा टू-एचवर (ताकद फक्त मागच्या चाकांना) असताना उचललेलं चाक हातानं फिरेल. फोर-एचवर (ताकद चारही चाकांना) टाकल्यावर थोडंसं हलून अडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर तुमची फोर-बाय-फोर कागदावरची. ठीक निघाली तर महिन्यातून एकदा पाच-सात किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर-एचमध्ये चालवा म्हणजे पुढचं ऑइल फिरतं. कोरड्या डांबरावर फोर-एच कधीच नाही: वळताना पुढचीमागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे तो फरक सोडवणारं काही नसतं, आणि ताण दातांवर येतो. फोर-एल, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जास्त जोराचा गिअर, गाडी थांबवूनच टाकायचा. सराव ओळखीच्या कोणाच्या पडीक शेतात करा, आणि दोघांनीही करा.

मिस्त्री कोणता, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. मोठ्या काचेच्या दुकानातला नको. पेंच आणि ताडोब्याच्या सफारीला वर्षानुवर्षं जिप्सीच धावल्या. मनसर-रामटेक बाजूला आणि ताडोब्यासाठी चंद्रपूर-मोहर्लीकडे या गाड्या रोज उघडणारे हात आहेत. जिप्सी बंद होऊन वर्षं झाली, पण १९८५ पासून निघालेली आणि लष्करानं इतकी वापरलेली गाडी आहे ही, सुटे भाग अजून मिळतात. सफारी ड्रायव्हरांना विचारा, ‘तुमची किंगपिन कोण करतं?’ दोन जणांनी एकच नाव घेतलं की तिथे जा.

पाताळकोटचा रस्ता तुम्ही नकाशावर पाहिला असेलच: सावनेर, सौंसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया. बहुतेक सगळं डांबर. म्हणजे या सहलीत गाडीला उंची कमी आणि सरळ चालणं जास्त लागणार आहे. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. तामियाला डिसेंबरात कापडी छपरात चांगलीच हुडहुडी भरते, मुलांच्या कानटोप्या वर ठेवा. मेळघाटात रस्ता सोडून गाडी घालायचा विचार मनातून काढून टाका. व्याघ्रप्रकल्प आहे, वनखात्याच्या परवानगीच्या रस्त्याबाहेर खासगी गाडीला जागा नाही, आणि ते योग्यच आहे.

गॅरेजवाल्याला नाही कसं म्हणायचं, याची काळजी नको. त्याला सांगा की लिफ्ट पुढच्या वर्षी बघू, आधी किंगपिन, सील, ब्रेक, रेडिएटर आणि पाइप यांचा अंदाज दे, प्रत्येक भागाचं बिल वेगळं. त्यानं उत्साहानं कागद ओढला तर माणूस कामाचा आहे. चेहरा पडला तर मनसर गाठा.

मिस्टरांसाठी एक. पुढच्या मोसमानंतर गाडी सरळ चालत असेल, गळत नसेल आणि तरीही कुठे खालून घासत असेल, तर मला कुठे घासते ते लिहा. मागच्या पाट्यांमध्ये एखादा जास्तीचा पाटा की अ‍ॅक्सलखाली जाड पत्रा, ते त्या जागेवरून ठरवू. तोवर बंपरवर हक्कानं एक स्टिकर लावा म्हणावं.

आणि मीटरचं राहिलं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवरचं रबर बघा. मूळ रबर झिजून मधोमध लोखंड दिसत असेल, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बसलेली असेल आणि गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसले असतील, तर गाडी १ लाख १८ हजारांपेक्षा बरीच जास्त धावलेली आहे असं धरा. पेडलांची रबरं नवी कोरी दिसली तर मला जास्त शंका येईल.

— तुमचा काका